'प्रयत्न कर' असे म्हणण्याचा अधिकार कोणाला?



गेल्या जुलै महिन्यातील गोष्ट. आमच्या शाळेत पालकांची सभा झाली. सभा संपल्यावर एक गृहस्थ मागे थांबले. ते खामगावच्या बाजार समितीत हमाली करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सहकुटुंब धम्मदीक्षा घेतली, तेव्हा मीही विहारात हजर होतो. घरातला देव्हारा त्यांनी स्वतःच्या हाताने उतरविला आणि त्या जागी तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा लावली. गंडेदोरे, नवससायास सारे बंद केले. असा हा निर्धाराचा माणूस. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात, सातवीत. तो बापाच्या मागे खाली मान घालून उभा होता. गृहस्थ मला म्हणाले, "सर, याच्या नशिबात शिक्षण नाई. याले डोकंच नाई देल्लं. याच्या बहिनीले आहे."

मी विचारले, "कोणी नाही दिलं?"

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि मग ओशाळून हसले. देणारा तर त्यांनी दोन वर्षांपूर्वीच घराबाहेर काढला होता!

ह्या गृहस्थांना कमी लेखण्यासाठी मी हा प्रसंग सांगत नाही. तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या घरात हे वाक्य रोज बोलले जाते. देव्हारा भिंतीवर असतो, म्हणून तो एका दिवसात उतरविता येतो. नशीब आपल्या बोलण्यात असते, आणि ते उतरविण्यास फार काळ लागतो. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यांतील अकराव्या प्रतिज्ञेने आपण अष्टांगिक मार्ग पत्करला, त्यात सम्यक व्यायाम आहे. बाराव्या प्रतिज्ञेने दहा पारमिता पत्करल्या, त्यांत वीर्य आहे. व्यायाम आणि वीर्य म्हणजे प्रयत्न. म्हणजे प्रयत्न ही आपल्या धम्माची शपथच आहे. म्हणूनच आज मला तुमच्यापुढे एक प्रश्न मांडावयाचा आहे. मुलाला आपण 'प्रयत्न कर' असे सांगतो, ते कशाच्या बळावर सांगतो? आणि तसे सांगण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

नशिबाचे कांबळे

तथागतांच्या काळी मक्खली गोसाल नावाचा एक आचार्य होता. त्याचे म्हणणे असे की, माणसाच्या हाती काहीच नाही. बळ नाही, वीर्य नाही, पुरुषार्थ नाही. सुताचा गुंडा फेकला म्हणजे दोरा संपेपर्यंत तो उलगडत जातो, तसा मूर्ख असो वा शहाणा, प्रत्येक जण ठरलेले फेरे फिरतो आणि संपतो. दीघ निकायातील सामञ्ञफल सुत्तात त्याचे हे मत नोंदलेले आहे. तथागतांनी पुष्कळ मतांचे खंडन केले. परंतु ह्या मताविषयी ते फारच कठोर बोलले. माणसाच्या केसांचे कांबळे थंडीत गार आणि उन्हाळ्यात गरम असते, म्हणून विणलेल्या वस्त्रांत ते सर्वांत हीन. तसेच सर्व श्रमणमतांत मक्खलीचे मत हीन, अशा अर्थाचे त्यांचे वचन अंगुत्तर निकायात आहे. इतका कठोरपणा का? कारण इतर चुकीच्या मतांनी माणूस चुकीच्या वाटेने जातो, आणि ह्या मताने तो चालणेच सोडून देतो.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत असाच तपासला. माणसाची आजची स्थिती मागच्या जन्मीच्या कर्माने ठरली असे एकदा मानले, की गोरगरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजावर आणि राज्यावर उरत नाही. हाच त्या सिद्धांताचा उपयोग आहे, असे त्यांनी दाखविले. 'जबाबदारी' हा शब्द येथे ध्यानात ठेवा. नशीब म्हटले की बापाची जबाबदारी संपते, शिक्षकाची संपते, शाळेची संपते, सरकारचीही संपते. मग उरतो तो एकटा मुलगा, खाली मान घालून उभा!

'डोकं' ही नवी जात

कोणी म्हणेल, आम्ही नशीब मानीत नाही, पण कोणाला डोके असते आणि कोणाला नसते हे तर खरे ना? मला वाटते, हे नशीबच आहे, फक्त त्याने कपडे बदलले आहेत.

आपले खामगाव कापसाचे. कापसासाठीच १८७० साली जालंबपासून येथपर्यंत रेल्वेचा फाटा आला. बाजारात व्यापारी काय करतो, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. तो कापसाची चिमूट घेतो, दोन्ही हातांच्या बोटांत धरून धागा ओढून पाहतो, आणि प्रत ठरवितो. आखूड धाग्याला हा भाव, लांब धाग्याला तो भाव. कापसाला हे शोभते. कारण वेचून झालेल्या कापसाचा धागा पुढे वाढत नाही. आम्ही शिक्षक मात्र पहिल्या चाचणीनंतर मुलांना असेच चिमटीत धरतो. हा हुशार, हा मध्यम, हा ढ. एकदा प्रत ठरली की दहावीपर्यंत तीच. जन्मावरून प्रत ठरविणाऱ्या व्यवस्थेतून आपण बाहेर पडलो, आणि आपल्याच मुलांसाठी दुसरी प्रत मान्य केली.

ह्यात 'हुशार' ठरलेल्या मुलाचे तरी कल्याण होते काय? १९९८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक ह्या दोघींनी आपले संशोधन प्रसिद्ध केले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ह्या काळात जेथे शिकले, तेच हे विद्यापीठ. त्यांनी पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवावयास दिली. मग काहींना सांगितले, तुम्ही हुशार आहात. काहींना सांगितले, तुम्ही मेहनत घेतली आहे. पुढची कोडी निवडताना 'हुशार' म्हटलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी सोपी मागितली, 'मेहनती' म्हटलेल्यांपैकी बहुतेकांनी ज्यातून शिकता येईल अशी अवघड मागितली. नंतर सर्वांना मुद्दाम फार कठीण कोडी दिली, त्यांत सारेच अडले. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी दिली, तेव्हा 'हुशार' मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली आणि 'मेहनती' मुलांची सुधारली. आणखी एक गोष्ट दिसून आली. आपले गुण दुसऱ्या मुलांना कळवावयाचे होते, तेव्हा 'हुशार' मुलांपैकी कितीतरी जणांनी ते वाढवून सांगितले. हुशारी हीच ज्याची इज्जत, तो ती वाचविण्यासाठी खोटेही बोलतो.

आता आपल्या इतिहासातील एक प्रसंग पाहा. बाबासाहेबांनीच तो लिहून ठेवला आहे. ते इंग्रजी चौथी पास झाले, तेव्हा वस्तीतील लोकांनी त्यांचा सत्कार करावयाचे ठरविले. सुभेदार रामजींनी साफ नकार दिला. पोराने एक परीक्षा पास केली, त्यात काय? अशाने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. शेवटी त्यांचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्यांनी समजूत घातली आणि सभा झाली. केळुसकर गुरुजी त्या सभेचे अध्यक्ष. त्यांनी मुलाच्या हातात काय दिले? स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र! हार सुकून गेला असेल, भाषणे विरून गेली असतील. पुस्तक मात्र राहिले, आणि त्याची वाट १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पोहोचली. शाबासकी कशी द्यावी, हे मला ह्या प्रसंगाने शिकविले. खरी शाबासकी पुढचे काम हातात देते.

सम्यक व्यायामाचे चार भाग तथागतांनी सांगितले आहेत. न आलेला दोष येऊ न देणे, आलेला दोष घालविणे, न आलेला गुण आणणे, आलेला गुण टिकवून वाढविणे. ह्या चारांत 'पहिला नंबर' कोठे आहे? येथे प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या कालच्या स्थितीशी आहे.

दुसरे टोक

इथपर्यंत पुष्कळांना पटेल. पण प्रयत्नाचा गौरव करता करता आपण दुसऱ्या टोकाला जातो. 'बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, कंदिलाच्या उजेडात वाचीत. तुला वीज आहे, पंखा आहे, मग तुला काय झाले?' हे वाक्य मी किती घरांत ऐकले आहे! बाबासाहेबांना आपण मुलाच्या पाठीवरचा आसूड करतो. मूल मनात म्हणते, मी बाबासाहेब नाही. आणि वही मिटते.

बाबासाहेबांचे चरित्र पुरते वाचा. परळच्या चाळीतील एका खोलीत संसार होता. रामजी बाबा मुलाला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवून आपण आडवे होत. पुस्तक आणावयाचे तर विवाहित मुलींकडे जात, त्यांचा दागिना गहाण पडे. केळुसकर गुरुजींनी ह्या मुलाला चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेले पाहिले आणि त्याला पुस्तके पुरविली. पुढे त्यांच्याच खटपटीने सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बाबासाहेबांचा प्रयत्न कोणाहूनही मोठा होता, ह्यात शंका नाही. पण तो एकट्याचा नव्हता. त्या प्रयत्नाला जागणारा बाप होता, बहिणींचे दागिने होते, बागेत थांबून चौकशी करणारा शिक्षक होता. आपण मुलाला अठरा तास सांगतो, आणि रामजी बाबांचे दोन वाजेपर्यंतचे जागरण सांगावयाचे विसरतो. कारण त्यात आपला वाटा येतो!

येथे मला माझ्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझा थोरला भाऊ सातवीतून शाळा सोडून जिनिंगमध्ये कामाला लागला आणि त्याच्या कमाईवर मी शिकलो. तो नेहमी म्हणे, 'तुझं डोकं चांगलं, माझं नाई.' मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. एकदा त्याला भेटावयास जिनिंगवर गेलो. गाडीवरून उतरलेला कापूस बघत तो कोणाला सांगत होता, 'वीस क्विंटल आहे, शेकडा चौतीसचा उतारा धर, सहाशे ऐंशी किलो रुई, म्हंजे चार गाठी.' कागद नाही, पेन्सिल नाही. मी मनाशी हिशेब करून पाहिला. १७० किलोची एक गाठ, बरोबर चार. शेकडेवारी आणि भागाकार एका दमात! ज्याच्यासाठी त्याला वर्गात बैल म्हटले गेले, तेच हे गणित. मग आम्हा दोघांत फरक काय होता? मला आठवीत एक गुरुजी भेटले. आमच्या घरी वीज नव्हती, म्हणून ते शाळा सुटल्यावर वर्गाची किल्ली माझ्या हाती ठेवीत आणि जाताना म्हणत, 'कुठं अडलं ते उद्या दाखव.' दादाला असे कोणी भेटले नाही. माझी पदवी पाहतो तेव्हा मला ती किल्ली आठवते.

हे केवळ माझ्या घरचे नाही. जागतिक बँकेच्या कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे ह्या दोन अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत एक प्रयोग केला. त्याची पहिली मांडणी २००४ साली प्रसिद्ध झाली. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या भुलभुलैयातून वाट काढण्याची कोडी दिली. जात उघड केली नाही तेव्हा तथाकथित उच्च आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत फरक दिसला नाही. मग दुसऱ्या गटांत कोडी सोडविण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव आणि जात मोठ्याने वाचली. खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. कोडी त्याच प्रकारची, वयही तेच. फक्त एक शब्द वर्गात उच्चारला गेला होता! ज्या मुलाला वाटते की आपले काम न्यायाने पाहिले जाणार नाही, त्याचा हात आपोआप ढिला पडतो. ह्याला आळस म्हणावयाचे काय?

आता तुमच्या मुलांच्या शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेताना काय होते ते आठवा. 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा.' मी विद्यार्थी असताना असा उभा राहिलो आहे. उभे राहिल्यावर बाकावर पुन्हा बसण्यास किती वेळ लागतो, हे बसलेल्यांना कळत नाही. एका हाताने शिष्यवृत्ती द्यावयाची आणि दुसऱ्या हाताने जिद्द काढून घ्यावयाची, असा हा व्यवहार आहे.

म्हणजे दोन टोके झाली. एक टोक म्हणते, तुझ्या हाती काही नाही. दुसरे म्हणते, सर्व तुझ्याच हाती आहे, म्हणून सर्व दोष तुझाच. पहिले नशिबाचे, दुसरे आसुडाचे. दोन्ही टोकांत एक गोष्ट समान आहे: मोठ्या माणसांना काहीच करावे लागत नाही.

चूळपंथकाची गोष्ट

ह्या दोन टोकांमधली वाट कोणती? त्रिपिटकावरील अट्ठकथांत चूळपंथक नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. महापंथक आणि चूळपंथक हे सख्खे भाऊ. थोरला विद्वान, अर्हतपदाला पोहोचलेला. त्याने धाकट्याला एक गाथा पाठ करावयास दिली. चार महिने झाले तरी ती पाठ होईना. पुढची ओळ शिकला की मागची विसरे. थोरला शेवटी म्हणाला, तुझ्याने होणार नाही, विहार सोडून जा. त्या दिवसांत जीवक वैद्याने भिक्खुसंघाला भोजनाचे आमंत्रण दिले होते. किती भिक्खू येणार ह्याची गणती महापंथकाकडे होती. त्या गणतीतून त्याने धाकट्या भावाला वगळले.

चूळपंथक पहाटे निघून चालला. विहाराच्या दाराशी तथागत उभे होते. त्यांनी त्याला गाथा विचारली नाही. एक स्वच्छ फडके दिले आणि सांगितले, पूर्वेकडे तोंड करून बस, हे हाताने चोळीत राहा, आणि मळ जातो, मळ जातो, एवढेच म्हणत राहा. चोळता चोळता फडके मळले. हे शुद्ध होते, माझ्या हाताने मळले, सारे बदलते, हे त्याच्या ध्यानी आले. जी गोष्ट गाथेने चार महिन्यांत कळली नाही, ती फडक्याने एका सकाळी कळली. तिकडे जीवकाच्या घरी वाढणे सुरू होणार, तोच तथागतांनी पात्रावर हात ठेवला. विहारात अजून कोणी आहे काय? महापंथक म्हणाला, कोणी नाही. तथागत म्हणाले, आहे. चूळपंथकाला बोलावणे गेले. त्यानंतर भोजन झाले.

गोष्टीतील चमत्काराचा भाग मी सोडून दिला आहे. आपल्याला त्याची गरज नाही. आपल्या कामाच्या दोन गोष्टी येथे आहेत. पहिली अशी की, चूळपंथक मंद होता हे गोष्ट लपवीत नाही. सगळी मुले एकाच वेगाने शिकतात असे धम्म म्हणत नाही. पण विद्वान भावाने शिकविण्याची एकच रीत वापरली आणि ती फसल्यावर शिकणाऱ्याला अपात्र ठरविले. तथागतांनी शिकणारा तोच ठेवून रीत बदलली. दुसरी अशी की, जो संघाचा प्रमुख आहे, त्याने गणतीतून वगळलेल्या माणसासाठी सगळ्यांचे जेवण थांबविले.

आणि आसुडाचे काय? सोण कोळिविस हा चंपानगरीच्या श्रीमंत घरातला तरुण भिक्खू झाला आणि चालून चालून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. तो निराश होऊन घरी परतण्याच्या विचारात पडला. तथागतांनी त्याला त्याच्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर वाजत नाही, सैल सोडली तरी वाजत नाही. म्हणजे अतिप्रयत्न करणाऱ्याला थांबविणारेही तेच, आणि हताश झालेल्याला फडके देणारेही तेच. दोघांना एकच उपदेश त्यांनी केला नाही. त्यांनी आधी प्रत्येकाला नीट पाहिले.

मुख्याध्यापकाचा वाटा

ह्यावरून शाळेच्या प्रमुखाचे काम काय, ते स्पष्ट होते. मुख्याध्यापक म्हणजे केवळ सह्या करणारा, अहवाल पाठविणारा अधिकारी नव्हे. शाळेत कोणाची गणती होते आणि कोणाची होत नाही, हे त्याच्या वागण्यावरून ठरते. मी आमच्या भागात एक मुख्याध्यापक पाहिले आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत मुले आईबरोबर शेतात जातात, तेव्हा ते रोज हजेरीपटावरील गैरहजरांची नावे वेगळी लिहीत. शिक्षा करण्यासाठी नव्हे. मुले परतली की शाळेपूर्वी अर्धा तास त्यांचा राहिलेला भाग स्वतः घेण्यासाठी. शिष्यवृत्तीचे अर्ज ते वर्गात पुकारीत नसत. एकेका पालकाला बोलावून भरून घेत. एखादा शिक्षक म्हणाला की अमुक मुलाला काहीच येत नाही, तर त्यांचा ठरलेला प्रश्न असे, 'तुम्ही किती रीतींनी शिकवून पाहिलं?' आणि ते स्वतः फळ्यावर चुकले तर मुलांसमोर चूक पुसत आणि म्हणत, 'माझं चुकलं, आता बरोबर करू.' ज्या शाळेचा प्रमुख चूक कबूल करतो, त्या शाळेतील मूल चुकण्यास भीत नाही. आणि जे चुकण्यास भीत नाही तेच प्रयत्न करते.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मागणी केली होती की, प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत. ते मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. आज तुमच्यातलेच कितीतरी जण शिक्षक आहेत. मीही त्यांतलाच एक. पण आपल्यातला शिक्षक झाला म्हणून तो आपोआप मिसळतो असे नाही, हे मला स्वतःवरून कळले. ते कसे, हे शेवटी सांगतो.

नुसते गोड बोलूनही भागत नाही. २०१९ साली अमेरिकेतील हायस्कुलांत मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिले गेले की, प्रयत्नाने बुद्धी वाढते असे मुलांना समजावल्याने काय होते. मागे पडलेल्या मुलांना फायदा झाला, पण लहानसाच. आणि जेथे सोबतच्या मुलांचे वळण अवघड काम पत्करण्याचे होते, तेथेच तो ठळक दिसला. म्हणजे बी चांगले असले तरी जमीन लागते. ती जमीन तयार करणे हा मुख्याध्यापकाचा, शिक्षकाचा आणि आपला वाटा.

घराचा आणि विहाराचा वाटा

आपण पालक म्हणून काय करावयाचे? पहिले म्हणजे शाळेत आपले जे स्थान आहे ते घ्यावयाचे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. किती जण सभेला जाता? त्याच कायद्याचे कलम १७ मुलाला मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी करते. चारचौघांत मुलाला 'ढ' म्हणून हिणविणे हा मानसिक छळ नव्हे तर काय? हे शिक्षकाला नम्रपणे पण ठामपणे सांगता आले पाहिजे. आणि घरी आपणही तसे म्हणू नये, हे ओघानेच आले.

दुसरे म्हणजे घरी विचारण्याचा प्रश्न बदला. 'किती मार्क पडले?' ह्याऐवजी 'आज कुठं अडलं?' असे विचारा. तुम्हाला स्वतःला लिहिता-वाचता येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो. रामजी बाबांचे जागरण प्रत्येकाला जमणार नाही. पण मूल वाचत असताना अर्धा तास मोबाईल आणि टीव्ही बंद करून शेजारी बसणे जमते.

तिसरे म्हणजे विहार. आपल्या वस्त्यांत विहार आहेत, पण पुष्कळ ठिकाणी कुलूप पौर्णिमेला आणि जयंतीलाच निघते. एका खोलीत संसार करणाऱ्या घरातील मुलाने वही कोठे उघडावयाची? विहाराची किल्ली संध्याकाळी दोन तास कोणाकडे तरी द्या, एक दिवा आणि एक सतरंजी ठेवा. आपल्यापैकी जो शिकलेला आहे त्याने आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे बसावे. धम्मदान म्हणतात ते आणखी काय असते?

कोणी विचारील, आणि हे मी अनेकदा ऐकले आहे, 'प्रयत्न करून तरी काय? आमचा पोरगा एम.ए. होऊन घरीच बसला आहे.' ह्या प्रश्नाला मी खोटे उत्तर देणार नाही. प्रयत्न केला की नोकरी मिळतेच, असे वचन मी देऊ शकत नाही. नोकऱ्या का नाहीत, ह्याचा जाब सरकारला विचारावयाचा आहे, आणि तो संघटित होऊन विचारला पाहिजे. पण जाब विचारण्यासाठीही वाचता यावे लागते, हिशेब कळावा लागतो, चारचौघांत मान वर करून उभे राहता यावे लागते. मुलाला एकच वचन आपण प्रामाणिकपणे देऊ शकतो: 'तू जे करशील ते आम्ही पाहू, आणि न्यायाने पाहू.' एवढे वचन जो देतो आणि पाळतो, त्यालाच 'प्रयत्न कर' असे म्हणण्याचा अधिकार आहे, असे माझे उत्तर आहे. मग तो बाप असो, शिक्षक असो वा मुख्याध्यापक.

आता त्या सातवीच्या मुलाचे सांगतो. सभेनंतर मी त्याची वही घेऊन बसलो. अक्षर मोत्यासारखे. फळ्यावरचे सारे जसेच्या तसे उतरविलेले. पण एकही गणित त्याने स्वतः सोडविलेले नव्हते. मागे मागे जात गेलो, तेव्हा कळले की त्याला भागाकार येत नाही. आणि भागाकार नाही म्हणून अपूर्णांक नाही, शेकडेवारी नाही, सरासरी नाही. चौथीत असताना त्याचे आईबाप वीटभट्टीवर कामाला गेले होते आणि तो चार महिने शाळेत नव्हता. नेमका त्याच दिवसांत भागाकार शिकवून झाला होता. ते चार महिने त्याला कोणी परत दिले नाहीत. सहावीपासून तो माझ्या वर्गात होता. वर्षभर तो माझ्यासमोर बसला, आणि हे मला ठाऊक नव्हते! मीही त्याला गणतीतून वगळलेच होते. फक्त मोठ्याने म्हटले नव्हते.

तेव्हापासून आठवड्यातून तीन संध्याकाळी तो विहारात येतो. त्याच्याबरोबर आणखी चार जण येतात. प्रगती सावकाश आहे. मागच्या चाचणीत तो पहिला आला नाही, दहावाही आला नाही. पण परवा त्याचे वडील बाजारात भेटले. डोक्यावरचे पोते खाली ठेवून मला म्हणाले, "जय भीम सर. याले भागाकार जमला. आता अपूर्णांक राह्यला."

मी घरी येईपर्यंत त्या वाक्याचा विचार करीत होतो. जुलैत ज्या तोंडी नशीब होते, त्याच तोंडी आता राहिलेल्या कामाचे नाव होते.

जय भीम! नमो बुद्धाय!